प्रश्नचिन्ह, के, जे

“सी फॉरमॅट मारा, पण डीला हात लावू नका.”

कॉम्प्युटरबद्दलचं एवढं एकच वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आईलासुद्धा. २००९ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ज्या मुलानं आमच्या ठाण्यातल्या, नौपाड्याच्या घरी पीसी जोडून दिला, त्यानं चपला घालता घालता हे सांगितलं होतं, डॉक्टर दारातून पथ्य सांगतात तसं. सी म्हणजे डिस्कचा विंडोजवाला तुकडा. सीला व्हायरस लागणार, सी हँग होणार, वर्षा-दोन वर्षांनी सी उडवावाच लागणार. डी मात्र आपला. फोटो, पत्रं, हिशेब, काय असेल ते डीवर ठेवायचं. सी गेला तरी डी राहतो.

तेव्हा विंडोजची व्हिस्टा येऊन जुनी झाली होती आणि सेव्हन यायच्या बेतात होती, पण मुलानं टाकली एक्सपीच, २००१ सालची. “हलकी आहे, काका.” निळ्या पडद्यावर एफ-एट दाबून त्यानं करार मान्य केला (कुणी वाचलाय तो कधी?), ३२० जीबीच्या डिस्कचे तीन तुकडे पाडले, आणि मग पडद्यावर आलं की अंदाजे ३९ मिनिटं लागतील. एक्सपी टाकताना सगळ्यांना ३९ मिनिटंच दिसायची. आमच्या रडतराऊत सीडी ड्राइव्हनं त्याचा सव्वा तास केला. तेवढ्यात आईचे पोहे झाले, मुलानं ते खाल्ले, आणि बाबांनी त्याच्याकडून विंडोजची ती पंचवीस अक्षरांची ‘की’ वहीत उतरवून घेऊन खाली तारखेसकट सही केली. बाबा सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले. सही केल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नाही.

शेवटी ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला आहे, हे मला फार नंतर कळलं. आई त्या दिवशी म्हणाली होती, “हे येऊरचं आहे का गं, पावसाळ्यातलं?”

तो पीसी यंदा पुन्हा उघडायची वेळ आली ती एका शिंप्यामुळे.

झालं असं, की आमच्या बिल्डिंगची रीडेव्हलपमेंट ठरली. नौपाड्यात ती न ठरलेली बिल्डिंगच आता शोधावी लागते. गोखले रोडवरून राममारुती रोडला जाताना दर चार पावलांवर पत्रे आणि हिरवं कापड दिसतं, आणि त्यामागे काय होतं हे आठवेपर्यंत आपण पुढे गेलेलो असतो. आमच्याकडे सगळं सुरळीत चाललं होतं. कार्पेट एरिया, कॉर्पस, अठरा की चोवीस महिन्यांचं भाडं, या सगळ्यावर भांडून झालं होतं. मग जिन्याखालच्या खोलीत वीस वर्षं मशीन चालवणारे शिंपीकाका म्हणाले, की मलाही जागा हवी. बिल्डरच्या वकिलांनी विचारलं, त्यांना ती खोली कुठल्या अटीवर दिली होती? ठराव आहे? ठराव होता. २०१२ सालच्या सर्वसाधारण सभेत झालेला, बाबा सेक्रेटरी असताना. पण २०११ ते २०१३ची मिनिट बुक वाळवीनं अशी खाल्ली होती, की कपाट उघडल्यावर नुसता पुठ्ठा हातात आला.

“कॉम्प्युटरवर असेल,” बाबा म्हणाले. “डीवर.”

कॉम्प्युटर गॅलरीत होता. त्याच्यावर तुळशीच्या मातीची पिशवी होती आणि त्याला आईनं शिवलेला फुलाफुलांचा झगा होता. बटण दाबलं तर पंखा फिरला, एक बारीक शिट्टी झाली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढंच आलं, की बूटमॅनेजर सापडत नाही. तारीख दाखवत होता १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेला की असं होतं. पीसीची स्मृती जाते आणि तो आपल्या जन्मसालाशी जाऊन थांबतो. गोखले रोडवरच्या घड्याळजीकडे सीआर २०३२ मागितला, त्यानं न बघता काढून दिला. गाडीच्या चावीत, वजनकाट्यात, साखर मोजायच्या यंत्रात, सगळीकडे तोच लागतो.

मी ऐरोलीला आयटीत आहे. म्हणजे दिवसभर लोकांना “रीस्टार्ट करून बघितलंत का” असं सभ्य इंग्रजीत विचारते. पण हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन बरीच वर्षं झाली होती. डावीकडचा पत्रा काढला तर आत धुळीची गोधडी, पालीची दोन रिकामी अंडी, आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. हा उपाय कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि मुंबई-ठाण्यातल्या निम्म्या पीसींना त्यानंच जीवदान दिलंय. एक काळा थर निघाला. बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते, ऑपरेशन थिएटरबाहेर बसल्यासारखे.

“आता त्यात काय टाकणार?”

प्रश्न बरोबर होता. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला, सेव्हनचा जानेवारी २०२० मध्ये, आणि विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. अकराला टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. आमचा कोअर टू ड्युओ त्या यादीच्या आसपासही नाही. राहिलं लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं हौसेखातर सुरू केलेलं ते प्रकरण आज निम्मं इंटरनेट ओढतं, आणि जुन्या पीसीवर दया दाखवणंही त्याच्याच वाट्याला आलंय. त्यातलं मी मिंट निवडलं, एक्सएफसीई डेस्कटॉपवालं, कारण ते कमी खातं. रॅम २ जीबीची ४ केली (त्या बोर्डाला त्याहून जास्त झेपत नाही) आणि एक छोटी एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क, घेतली. मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. बाविसावीचं नाव व्हिल्मा. आई म्हणाली, “म्हणजे घरात अजून एक बाई. भाकरी येते का तिला?”

सुमारे तीन जीबीची फाइल पेनड्राइव्हवर चढवली. पेनड्राइव्हवरून बूट करायला मात्र अर्धा तास झगडले. त्या काळच्या बायॉसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पेनड्राइव्ह ‘हार्ड डिस्क’च्या यादीत लपून बसतो, त्याला तिथून उचलून पहिला नंबर द्यावा लागतो. हे मला एकेकाळी झोपेत येत होतं. पुढचं सोपं. भाषेच्या यादीत ‘मराठी’ दिसल्यावर मी हौसेनं त्यावर क्लिक करणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, “इंग्रजीच ठेव. ते फाइलला धारिका म्हणतील. आमच्या ऑफिसात नस्ती म्हणायचे. मी कुठे शोधत बसू?”

पंचवीस मिनिटांत झालं. ना ‘की’, ना करार, ना पोहे.

जुनी डिस्क मी या वेळी फॉरमॅट केली नाही. दुसऱ्या केबलनं तशीच लावली. टक-टक करत होती, पण दिसली. आधी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. बाबा चष्मा पुसून पुढे सरकले.

“डी कुठंय?”

“यात सी-डी अशी अक्षरं नसतात, बाबा. हे बघा, हा तुमचा डी. नुसता आकडा दिसतोय.”

त्यांना ते आवडलं नाही. फोल्डर मात्र ओळखीचे निघाले. ‘सोसायटी’, त्यात सालवार फोल्डर, प्रत्येकात ‘नोटीस’, ‘इतिवृत्त’, ‘पत्रव्यवहार’. सरकारी माणसाचं कपाट. २०१२, इतिवृत्त, सप्टेंबर. उघडलं.

पानभर इंग्रजी अक्षरं. शब्द नव्हेत, नुसती अक्षरं. मधेच चौकटी कंस, मधेच फुलस्टॉप, मधेच प्रश्नचिन्ह, कुठे छोटी कुठे मोठी लिपी, जसं मांजर कीबोर्डवरून चालत गेलं असावं. आणि त्या क्षणी मला एप्रिल २०१४ आठवला.

एक्सपीचा शेवटचा दिवस होता ८ एप्रिल. ऑफिसात आम्ही महिनाभर तेच करत होतो, एका मशीनमागून एक. त्याच शनिवारी रात्री मी घरचाही पीसी घेतला. फॉरमॅट मारला, सेव्हन टाकली, अँटिव्हायरस टाकला, हिरव्या टेकडीच्या जागी बाबांना गणपतीचा फोटो लावून दिला आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. डीला हात लावला नव्हता. सकाळी बाबा म्हणाले, “अगं, माझ्या फायली इंग्रजी झाल्यात.”

“फॉन्ट गेला असेल. टाकते. पुढच्या रविवारी.”

बाबा मराठी टाइप करायला साठीनंतर शिकले होते. एका डीटीपीवाल्यानं त्यांना कृतिदेवचा फॉन्ट आणि एका झेरॉक्सवर कळांचा तक्ता दिला होता. इंग्रजी कोणती कळ दाबली की मराठी कोणतं अक्षर येतं, त्याचा. मॉनिटरशेजारी भिंतीवर तो तक्ता सेलोटेपनं लावलेला असायचा. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना. ‘मराठी’ लिहायचं तर ई, जे, के, मोठा बी, एच. ण साठी फुलस्टॉप आणि के. ख साठी चौकटी कंस आणि के. ळ हवा तर मोठा जी. सहा महिने एका बोटानं, मग दोन, मग बिनातक्त्याचं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला त्याचा स्वतःचा आकडा देणारी पद्धत, तेव्हाही होतं. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, लिनक्सच्याच वयाची, आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून. एक्सपीच्या पोटातच सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला मंगल फॉन्ट होता. पण ते बाबांना कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. मी तेव्हा रोमनमध्ये मराठी लिहीत होते.

कृतिदेवसारखे जुने फॉन्ट म्हणजे मुखवटे. फाइलीत साठवलेला असतो इंग्रजी ई-च. फॉन्ट त्याच्या तोंडावर म चढवतो. फॉन्ट गेला की सगळे खरे चेहरे उघडे पडतात. आणि फॉन्ट कुठे राहतो? सीवर, विंडोजच्या आत, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात. डी सांभाळायचा सल्ला चुकीचा नव्हता, पण डी वाचायचा चष्मा सीच्या खिशात होता आणि तो खिसा मी स्वतः रिकामा केला होता. इलाज दोन मिनिटांचा. फाइल उतरवायची, फोल्डरात टाकायची, संपलं. मी तो पुढच्या रविवारी केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या मे महिन्यात माझी ऑनसाइट आली.

‘सोसायटी’तल्या फोल्डरांच्या तारखा पाहिल्या. शेवटची फाइल एप्रिल २०१४ची. त्यानंतर काही नाही. पण बाबा २०१८पर्यंत सेक्रेटरी होते. ती चार वर्षं नोटिसा हातानं लिहून जिन्याखाली लागायच्या, निळ्या शाईत, रेघ मारून. मला वाटायचं बाबांना हातानं लिहायला आवडतं. एकदा तर मी त्या अक्षराचा फोटोही काढून टाकला होता, काय सुरेख अक्षर म्हणून. लाइक्स पुष्कळ आले होते.

“थांबा, फॉन्ट उतरवते,” मी म्हटलं. गळ्यात काहीतरी अडकलं होतं. वायफाय गॅलरीजवळ नीट पोचत नाही. गोल चक्र फिरत राहिलं.

“एल. मोठा एच, के, के,” बाबा म्हणाले. ते पडद्याकडे बघत होते. “सभा. ... त्याच्या आधी वा-र्षि-क. वार्षिक सर्वसाधारण सभा, दिनांक... हां. खाली ये. अजून खाली.”

मी खाली गेले.

“विषय क्रमांक तीन, पाण्याच्या टाकीचे झाकण. विषय क्रमांक चार, गच्चीवर पापड वाळत घालणेबाबत. मोठं भांडण झालं होतं त्यावरनं. पाच... हा बघ. जिन्याखालील खोली, अकरा महिन्यांच्या करारावर, दरमहा... सर्वानुमते मंजूर. सूचक, अनुमोदक. आहे.”

अक्षराला अडखळत होते, पण वाचत होते. मांजर चाललेल्या त्या पानावरून, बोट मांडीवर आपटत. जिथे अडायचे तिथे डोळे मिटून बोटांना विचारायचे.

“तुम्हाला हे वाचता येतं?”

“म्हणजे काय? मीच टाइप केलंय.”

“मग तेव्हा... चौदा साली का नाही सांगितलंत?”

“मला वाचता येऊन काय उपयोग? नोटीस बोर्डावर हे लावून लोकांना काय कळणार, चौथ्या मजल्यावर मोठा एच, के?” ते हसले. “आणि तू टाकणार होतीस ना फॉन्ट.”

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात त्यांनी माऊस आपल्याकडे ओढला आणि भलताच फोल्डर उघडला. २०१०. “हे ऐक. उंची पाच फूट तीन इंच. वर्ण गव्हाळ. स्वभाव मनमिळाऊ, घरकामाची आवड...”

“बाबा!”

“तुझा बायोडाटा. लग्नाचा.”

“घरकामाची आवड कुणी लिहिलं?”

“आईनं सांगितलं, मी टाइप केलं,” बाबा म्हणाले, इतिवृत्त वाचावं तितक्या निर्विकारपणे. आतून आई ओरडली, की त्या वेळी तसंच लिहायचे.

फॉन्ट उतरला. फोल्डरात टाकला, फाइल बंद करून पुन्हा उघडली. पानावरून कुणीतरी ओला हात फिरवावा तसं सगळं एका दमात मराठी झालं. घड्याळ लावलं होतं मी. एक मिनिट चाळीस सेकंद.

वकिलांना ठराव पाठवायचा तर तो युनिकोडमध्ये हवा होता, नाहीतर त्यांच्याकडे पुन्हा मांजर. रूपांतर करणारं एक साधन वापरलं, तर ‘विषय’चा ‘िवषय’ झाला आणि ‘कार्यकारिणी’ची ‘कायर्कािरणी’. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्याला दिसते तशी आधी टाइप करतात. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवतात. रफाराचं त्याच्या उलट. या अदलाबदलीत घसरलेल्या वेलांट्या उचलून जागेवर बसवायला दोन तास लागले. बाबा शेजारी बसून शुद्धलेखन तपासत होते, आणि २०१२ साली स्वतःच केलेली एक चूक सापडल्यावर ती दुरुस्त करू देईनात. मंजूर झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही म्हणे.

ठराव वकिलांकडे गेला. शिंपीकाकांचं पुढे काय झालं ती वेगळी गोष्ट आहे. त्यांनाही कुठेतरी मशीन लावायला जागा हवीच आहे, आणि बाबा हल्ली संध्याकाळी त्यांच्याबरोबर तलावपाळीला बसलेले दिसतात.

मी बाबांना युनिकोड शिकवायचा प्रयत्न केला. इनस्क्रिप्टचा, म्हणजे थेट देवनागरी कळांचा, कीबोर्ड दाखवला, बोलून टाइप करणं दाखवलं. त्यांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “हे सत्त्याहत्तराव्या वर्षी कशाला?” मग मी फक्त ऑटोकरेक्ट बंद करून ठेवलं, कारण वाक्याचं पहिलं अक्षर ते आपणहून मोठं करतं आणि कृतिदेवमध्ये छोटा ई म्हणजे म, मोठा ई म्हणजे अर्धा म्. नव्या सेक्रेटरींनी बाबांना एक नोटीस लिहून द्यायला सांगितलं होतं. त्यांचं मराठी व्हॉट्सॲपचं आहे, आणि ही नोटीस फाइलला लागायची होती.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बाबा गॅलरीत बसले. मी शेजारच्या स्टुलावर. मान खाली, नजर कळांवर, दोन बोटं. पडद्याकडे बघायची त्यांना सवयच नाही. फॉन्ट निवडायचं ते विसरले होते, मीही सांगितलं नाही. पडद्यावर पहिलं आलं प्रश्नचिन्ह, मग के, मग जे. मग स्पेस. मग आणखी एक ओळभर काहीबाही, आणि शेवटी तारीख, सगळ्या सभासदांनी कधीपर्यंत निघायचं ती.

ते पुढच्या ओळीवर गेले तसा मी हळूच माऊस घेतला, वरची ओळ निवडली आणि यादीतून कृतिदेव लावला.

‘घर रिकामे करून देणेबाबत.’

बाबा अजून खालीच बघत टाइप करत होते.